वाचकांचे प्रश्न : मधुमेह, लोह आणि काळवंडलेली त्वचा

प्रश्न : वय ५२, नऊ वर्षांपासून मधुमेह. वर्षभरात चेहरा आणि हातांची मागची बाजू राखाडी-काळपट झाली आहे, उन्हात तर फारसा जात नाही. थकवा येतो म्हणून दोन वर्षं रोज लोहाची गोळी घेतो. लोह जास्त झाल्यामुळे हा रंग आला असेल का? पालेभाज्या बंद करू का?

उत्तर : लोहामुळे रंग बदलतो, पण तो ताटातल्या लोहामुळे सहसा नाही. पालेभाज्या खुशाल खा. जेवणातून रोज १०-१५ मिलिग्रॅम लोह पोटात गेलं तरी आतडं त्यातलं एक-दोन मिलिग्रॅमच उचलतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, म्हणून सगळी राखण आतड्याच्या दारावरच. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन हे संप्रेरक ती राखण करतं. काहींना जनुकातल्या दोषामुळे ते कमी पडतं आणि साठा भरलेला असूनही लोह आत येतच राहतं. हा आजार म्हणजे हिमोक्रोमॅटोसिस. निरोगी शरीरात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं; इथे ते २० ग्रॅमच्या वरही जातं. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्यांचंही असंच होतं, कारण रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येतं.

यात मधुमेह आणि रंग यांचं मूळ एकच असतं. लोह स्वादुपिंडात साचलं की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी खराब होतात. त्वचेत साचलं की मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य वाढतं, आणि दोन्ही मिळून ब्राँझसारखी (काशाच्या भांड्यासारखी) किंवा पाटीसारखी छटा येते. ‘ब्राँझ डायबिटीस’ हे जुनं नाव त्यावरूनच पडलं.

मात्र मधुमेहात काळेपणाची बहुतेक कारणं वेगळीच असतात. मानेच्या मागे किंवा काखेत मखमलीसारखा जाड काळा पट्टा असेल, तर तो इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण. नडग्यांवरचे किंचित खोलगट तपकिरी डाग मधुमेहाचेच. घोट्यांभोवतीचा तपकिरी रंग बहुधा शिरांमध्ये रक्त तुंबल्याचा. त्यात लोह असतं खरं, पण ते तिथेच झिरपलेल्या रक्तातलं. लोहसाठ्याचा रंग चेहरा, मान, हातांची मागची बाजू, जुने व्रण इथे आधी गडद दिसतो, त्वचा जाड होत नाही. तुमचं वर्णन याच्या जवळ जातं, म्हणून तपासणी करून घ्याच.

रक्ताच्या दोन तपासण्या एकाच वेळी करा, शक्यतो सकाळी उपाशीपोटी : फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते दाखवणारी). नुसत्या फेरिटिनवर भरवसा नको. यकृतात चरबी असली किंवा कुठे दाह असला तरी ते वाढतं, आणि मधुमेहींमध्ये हे नेहमीचंच. सॅच्युरेशन पुन्हा केलेल्या तपासणीतही ४५ टक्क्यांच्या वर आलं, तर यकृताच्या तज्ज्ञांकडे जा. लोहाची कमतरता तपासणीत दिसलेली नसेल, तर गोळीबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला. थकवा म्हणजे लोह कमी, असं गृहीत धरून वर्षानुवर्षं गोळ्या घेणं हीच खरी चूक. साठा जास्त निघाला तर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि दारूही बंद. कच्चे शिंपले तर अजिबात नकोत, त्यातल्या एका जंतूचा संसर्ग अशा रुग्णांना जीवघेणा ठरतो.

प्रश्न : हिमोक्रोमॅटोसिससाठी, जास्तीचं लोह कमी करायला माझं दर आठवड्याला रक्त काढतात. एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.५ वरून ६.४ झालं. इन्सुलिन कमी करू का?

उत्तर : त्या आकड्यावरून नको. रक्त काढलं की शरीर नव्या तांबड्या पेशी भराभर बनवतं. त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून एचबीए१सी खोटं कमी येतं. घरच्या मीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजलेली साखर लिहून ठेवा, किंवा डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइन या, तांबड्या पेशींवर अवलंबून नसलेल्या साखरेच्या तपासणीबद्दल विचारा.

एका वेळच्या ४५०-५०० मिलिलिटर रक्तातून २००-२५० मिलिग्रॅम लोह जातं. म्हणजे दहा ग्रॅम जास्तीचं लोह काढायला चाळीसेक आठवडे तरी हवेत. फेरिटिन ५० ते १०० च्या दरम्यान आलं की दोन-चार महिन्यांतून एकदा पुरतं. रंग हळूहळू उजळतो. मधुमेह मात्र सहसा पूर्ण जात नाही.