जुनी इस्टेट मोटार घेताना

प्रश्न : आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. आईला चाकाच्या खुर्चीतून नियमितपणे फिजिओथेरपीसाठी न्यावे लागते. आमच्या छोट्या मोटारीत खुर्ची ठेवायची म्हटली की मागची बैठक पाडावी लागते आणि मग घरातल्या तिसऱ्या माणसाला जागा उरत नाही. परिचयातील एक गृहस्थ २००८ सालची डिझेलवरची टाटा इंडिगो मरीना ८५ हजारांत द्यायला तयार आहेत. इंजिन उत्तम आहे, फक्त पासिंग बाकी आहे आणि ते एजंट करून देईल, असे ते म्हणतात. रोजच्या वापरासाठी ही मोटार घ्यावी का?

उत्तर : आपली गरज खरी आहे आणि तिला मरीनासारखी इस्टेट मोटार साजेशीही आहे. मागचे दार काचेसकट वर उचलले जाते, माल ठेवण्याची जागा पाठच्या बैठकीमागे सलग मिळते आणि खुर्ची फार उंच उचलावी लागत नाही. आपल्याकडे मात्र या प्रकाराला गिऱ्हाईक कधी मिळाले नाही. मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, फियाटची सिएना वीकएंड आणि ही मरीना, या साऱ्या आल्या आणि थोड्याच वर्षांत बंद झाल्या, कारण मागे डिकी असलेली मोटार म्हणजे प्रतिष्ठा आणि सपाट पाठीची मोटार म्हणजे मालवाहू, असा आपला ठाम समज होता. त्या आज स्वस्त मिळतात, यामागे हे एक कारण आहे. दुसरे कारण त्यांचे वय, आणि आपला सगळा प्रश्न त्या वयाभोवती फिरतो.

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या तारखेपासून १५ वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी करून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. म्हणजे या मोटारीची मुदत २०२३ मध्येच संपलेली आहे. ‘पासिंग तेवढे बाकी आहे’ हे वाक्य ऐकायला किरकोळ वाटते, पण त्याचा अर्थ असा की आज ही मोटार रस्त्यावर आणणेच नियमबाह्य आहे. नूतनीकरणाचे शुल्क या वयाच्या चारचाकीला ५,००० रुपये आहे आणि मुदत उलटून गेल्यावर खासगी चारचाकीला दरमहा ५०० रुपये अधिक पडतात, त्यामुळे दोन वर्षे थकली असतील तर या उशिरापोटीच १२,००० रुपये होतात. त्यावर पर्यावरण कर, पीयूसी, विमा, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना आवश्यक असलेली उच्च सुरक्षा नंबरपाटी आहेच. हा खर्च एक वेळ सोसता येईल, परंतु तपासणीत मोटार नापास झाली तर दुरुस्तीचा बोजा कोणावर, हे आज कोणीच सांगितलेले नाही. म्हणून माझा आग्रह असा की विक्रेत्याने स्वतःच्या नावावर पासिंग करून घ्यावे, नवी मुदत नोंदलेले आरसी हातात ठेवावे, आणि मगच आपण पैसे द्यावेत. किंमत त्यासाठी १५-२० हजारांनी वाढली तरी चालेल. विक्रेता याला तयार नसेल, तर त्याचे ‘उत्तम इंजिन’ तपासण्यात वेळ घालवू नये.

कागद जुळले, तर मोटार पाहण्याआधी आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला विचारावे की तो हे काम हाती घेईल का. मरीनाचे इंजिन, क्लच, ब्रेक, पुढचे लोअर आर्म आणि बुश हे इंडिका-इंडिगो कुटुंबातलेच असल्यामुळे त्यांचे सुटे भाग मिळतात आणि हात बसलेला कारागीरही मिळतो. अडचण मागच्या भागाची आहे. मागची काच, उभे टेललॅम्प, मागच्या दाराचे रबर, दार वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे, हे केवळ मरीनाचे आहेत. ते कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या मालात हिंडून शोधावे लागतात आणि मिळतीलच असे नाही. ज्या भागासाठी आपण ही मोटार घेत आहात, नेमका तोच भाग फुटला तर महागात पडणारा आहे.

पत्र्याकडे इंजिनापेक्षा अधिक लक्ष द्यावे. इंजिन उघडून पुन्हा बांधता येते, पण गंजलेला सांगाडा कितीही वेल्डिंग केले तरी पूर्ववत होत नाही, आणि खाडीकाठच्या दमट, खारट हवेत १५ हून अधिक पावसाळे काढलेल्या मोटारीत गंज नसणे हीच नवलाची गोष्ट ठरावी. पायातले गालिचे उचलून जमिनीचा पत्रा पाहावा, स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचल्याच्या खुणा शोधाव्यात, आणि मोटार लिफ्टवर चढवून दारांखालच्या पट्ट्या व मागच्या सस्पेन्शनच्या जोडण्या पाहाव्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला आणि त्यावर चिखलाची रेघ दिसली, किंवा सीटखालच्या रुळांवर गंज असला, तर मोटार पाण्याखाली गेलेली आहे असे धरून चालावे.

इंजिनाची परीक्षा सकाळी, ते पूर्ण थंड असताना घ्यावी, आणि आपण पोहोचण्याआधी ते सुरू करू नये असे विक्रेत्याला आवर्जून सांगावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर हेड गॅस्केट किंवा इंजेक्टरची शंका घ्यावी. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचे बिल नसेल, तर घेतल्याबरोबर तो बदलावा. चाचणीसाठी घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा चढ उत्तम. तेथे तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपलेली आहे.

शेवटी, खुर्ची घडी करून बरोबर न्यावी आणि शक्य असल्यास आईंनाही न्यावे. मरीनाची बैठक सेडानसारखी खाली आहे. खुर्चीतून सरकून बसायला ती कदाचित सोयीची होईल, पण गुडघे दुखत असतील तर तेथून उठणे त्रासाचे होते. आईंना उंच बैठक बरी वाटली, तर २०१९ नंतरची वॅगन आर पाहावी. तिच्या डिकीत ३४१ लिटर जागा आहे. मात्र ती पेट्रोलचीच पाहावी, कारण सीएनजीचा सिलिंडर नेमकी तीच जागा व्यापतो.

प्रश्न : खारघरमध्ये एका विक्रेत्याकडे दिल्ली पासिंगची डिझेल स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी आहे. किंमत फारच कमी आहे. घ्यावी काय?

उत्तर : दिल्ली परिसरात डिझेल मोटारींना १० वर्षांची आणि पेट्रोल मोटारींना १५ वर्षांची मर्यादा घालण्यात आली, म्हणून तेथील जुनी वाहने इकडे स्वस्तात येतात. ती मर्यादा महाराष्ट्राला लागू नाही हे खरे. तरीही सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, आणि ना-हरकत प्रमाणपत्र पनवेल आरटीओच्याच नावाने आहे का, हे आधी पाहावे. शिवाय येथे पुन्हा नोंदणी करताना महाराष्ट्राचा मोटार वाहन कर भरावा लागेल. तो धरून किंमत मोजावी. मोटार चालवायला सुरेख आहे, सुटे भाग मात्र महाग आहेत आणि नेहमीचा गॅरेजवाला तिला हात लावायला कचरतो. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : त्या काळच्या साध्या ऑक्टाव्हियाचेही मागचे दार काचेसकट उघडते आणि डिकी प्रशस्त आहे. महाराष्ट्रात नोंदलेली तशी मोटार मिळाली, तर मी कॉम्बीचा, म्हणजे इस्टेटचा, हट्ट धरणार नाही.

प्रश्न : ऐरोलीत आम्ही जुनी बलेनो अल्टुरा घेतली. विमा अजून पाच महिने आधीच्या मालकाच्या नावावर आहे. तो तसाच राहू द्यावा, असे ते म्हणतात. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मोटार वाहन कायद्यानुसार तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण मालकीबरोबर आपल्याकडे येते, पण आपल्या मोटारीच्या नुकसानीची भरपाई विमा आपल्या नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विक्रेत्याकडे राहतो, म्हणून फरकाची रक्कम आपल्याला भरावी लागेल. नोंदणी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. खरे तर घाई विक्रेत्यानेच करायला हवी, कारण अपघात झाला तर आरसीवर ज्याचे नाव तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यांना हे सांगितले की ते स्वतःच सही करायला वाशी आरटीओत येतील. जाता जाता, अल्टुरा २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही. त्यामुळे पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि फिल्टर या सर्व्हिसिंगमध्येच पाहून घ्यावेत, आणि नळी मऊ किंवा चिरलेली वाटली तर लगेच बदलावी.