किनाऱ्यावर उभी राहिलेली, कमी चाललेली जुनी गाडी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मालवण तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ राहता. आई-वडिलांना कुडाळ-ओरोसला डॉक्टरकडे न्यायला आणि रोजच्या बाजारहाटाला गाडी हवी आहे. वाडीतल्याच एका चाकरमान्याची २०१७ ची छोटी डिझेल गाडी विकायची आहे. मालक एकच, मीटर ३८ हजार. गणपती आणि शिमग्यापुरती चालते, बाकी वर्षभर घराशेजारच्या शेडमध्ये कव्हर घालून ठेवलेली असते. ४ लाख १० हजार सांगतायत. सगळे म्हणतात, इतकी कमी चाललेली गाडी पुन्हा मिळायची नाही. घ्यावी का, आणि घ्यायची तर काय बघावं?

मी चिपळूणला मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या, बुडालेल्या, सडलेल्या गाड्या उघडून बघणं हेच माझं रोजचं काम. म्हणून आधी एवढंच सांगतो की त्या ३८ हजाराच्या आकड्यावर जाऊ नका. किनारपट्टीवर गाडी किती चालली यापेक्षा ती कुठे आणि कशी उभी होती हे जास्त महत्त्वाचं असतं. गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नका.

शेडमध्ये होती म्हणजे जपलेली होती, असं आपल्याला वाटतं. पण किनाऱ्यावरच्या आपल्या शेडला भिंती कुठे असतात? वर पत्रा आणि चार खांब. खारा वारा आरपार फिरतो आणि मीठ गाडीच्या सांध्यासांध्यांत, पोकळ भागांत जाऊन बसतं. उघड्यावरच्या गाडीचं वरवरचं मीठ निदान पावसात धुऊन जातं, शेडमधल्या गाडीचं तेही जात नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे दमट दिवसांत पत्रा आतून ओलाच राहतो. त्यात कव्हर घातलं की ओल कोंडते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत गाडी हललीच नाही, तर गंज धरायला याहून चांगली जागा नाही.

मागे गुहागरकडच्या एका गाडीची पाहणी केली होती. वरून पांढरी शुभ्र, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. दाराखालच्या रनिंग बोर्डवर बोटाने टिचकी मारत गेलो, तर पुढे टणटण आवाज आणि मागच्या चाकाजवळ एकदम बद्द. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबलं, तसा पापुद्रा फुटून टोक आत गेलं आणि तांबडा भुगा खाली पडला. पत्रा आतून पूर्ण खाल्लेला होता. वर पुट्टी, तिच्यावर रंग आणि खालून नुकताच मारलेला काळा अंडरकोटिंगचा लेप. तो ताजा काळा लेप बघून लोक खूश होतात. मला मात्र जुन्या गाडीला विक्रीच्या तोंडावर मारलेला लेप दिसला की पहिली शंका तिथेच येते. गाडी नवी असताना मारलेलं कोटिंग चांगलं, त्याचं बिल मागा.

रॅम्पवर बघायच्या जागा सांगतो. दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या वरच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती आपल्या तांबड्या मातीने बुजलेली असली तर दार आतून कुजतंय असं समजा. मग ब्रेकचे पाइप, पुढची चाकं धरून ठेवणारे लोअर आर्म, मागचा अ‍ॅक्सल, सायलेन्सरचे जोड. बॉनेट उघडून शॉकअप वर जिथे बसतात ती जागा दोन्ही बाजूंनी नीट बघा. सायलेन्सर किंवा ब्रेकचा पाइप गंजला तर बदलता येतो, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यायचे. पण शॉकअपची बैठक, रनिंग बोर्ड किंवा खालचे मुख्य सांगाडे खाल्लेले असतील तर ती गाडी फुकट मिळाली तरी सोडा. तिथलं वेल्डिंग दोन पावसाळे टिकत नाही, आणि अपघातात माणसाला वाचवायचं काम त्याच भागांचं असतं. आई-वडिलांना त्यात बसवायचंय, म्हणून इथे तडजोड नको.

उभ्या गाडीचे बाकीचे त्रास वेगळे. डिझेलची टाकी अर्धीमुर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या रिकाम्या भागात दमट हवेचं पाणी साचतं आणि डिझेलमध्ये उतरतं. ते पुढे पंप आणि इंजेक्टरपर्यंत गेलं तर खर्चाला मोजमाप नाही. डिझेल फिल्टरखालचं पाणी मेकॅनिकला तुमच्यासमोर काढायला लावा. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गाडी ढकलून बघा, मोकळी सरकली पाहिजे. आणि उंदीर! भाताची कणगी किंवा पेंढा जवळ असेल तर उंदराने बॉनेटखाली संसार थाटलेला असतोच. एअर फिल्टरचा आणि एसीच्या फिल्टरचा डबा उघडायला लावा, आत लेंड्या किंवा गवत दिसलं तर वायरिंग वीत न् वीत तपासून घ्या. कुरतडलेल्या वायरचा फॉल्ट शोधताना भलेभले इलेक्ट्रिशियन हात टेकतात.

टायरबद्दल एक हमखास फसगत होते. ३८ हजाराला नक्षी शिल्लक दिसणार, म्हणजे विकणारा सांगणार की टायर अजून चांगले आहेत. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. इतक्या वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, बाजूला बारीक भेगा पडतात. असे टायर घेऊन करूळ किंवा फोंडा घाट पावसात उतरू नका. चारही नवे लागणार हे धरूनच भाव बोला. छोट्या गाडीला १४ ते १८ हजार कुठे गेले नाहीत, बॅटरी वेगळी.

मीटरचा आकडा खरा का, हेही बघायला हवंच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दर सर्व्हिसला मीटरची नोंद होते, ती यादी मालकाला काढून द्यायला सांगा. वाडीतला माणूस आहे, त्याला अवघड वाटू नये. त्याच यादीत ऑइल किती वेळा बदललं तेही दिसेल. ऑइल किलोमीटरवर बदलतात तसं वर्षावरही बदलायचं असतं, आणि गाडी चाललीच नाही म्हणून तीन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल मी कमी चाललेल्या गाड्यांतच जास्त बघितलंय.

इंजिन थंड असताना बघायला जा. आधी फोन करून पोचलात आणि बॉनेट गरम लागलं, तर चहा घ्या, परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. सकाळच्या पहिल्या स्टार्टला उभ्या गाडीचं सगळं गुपित कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जात असण्याची शक्यता. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल तर मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर चढावर नेऊन क्लच घसरतो का बघा, आणि खड्ड्यातून हळू नेताना खालून येणारा आवाज ऐका, त्या वेळी गाणी बंद ठेवा.

ही गाडी वाडीतलीच आहे म्हणून पुराची भीती तुम्हाला कमी. पण ही जमली नाही आणि बाहेरची बघायला लागलात तर हे लक्षात ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच दिवसांत महाडलाही सावित्रीचा पूर आला. कोल्हापूर-सांगलीला २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पूर आले. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. पण टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. बऱ्याच लिलावात विकल्या जातात, कोणीतरी साफसूफ करून पुन्हा बाजारात आणतो. अशी गाडी ओळखायला पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. सीट कव्हर नवं बसवतात, मॅट बदलतात, अत्तर मारतात, पण पट्ट्याचा आतला गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. तिथे चिखलाची आडवी रेघ दिसते. शिवाय सीटखालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा आणि डॅशबोर्डच्या खालून वायरिंगचे सॉकेट टॉर्च मारून बघा. एमएच ०८ (रत्नागिरी), ०६ (रायगड), ०९ (कोल्हापूर), १० (सांगली) च्या पूरकाळाआधीच्या प्रत्येक गाडीला हे करा. बहुतेक गाड्या चांगल्याच असतील, पण बघायला पाच मिनिटं लागतात.

तसाच प्रकार पुळणीवर नेलेल्या गाड्यांचा. पर्यटक वाळूत गाडी घालतात, भरती येते, गाडी रुतते आणि मग ट्रॅक्टरने ओढून काढतात. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी वाईट. गाडी धुतली तरी वायरिंगच्या जोडांत मीठ राहतं आणि सहा महिन्यांनी एकेक दिवा, एकेक सेन्सर जायला लागतो.

आता डिझेलबद्दल. तुमचा रोजचा फेरा बाजारापर्यंतचा, लांबचा म्हणजे कुडाळ, कधीतरी कोल्हापूर. एवढ्यासाठी मी डिझेल घेणार नाही. मायलेजमध्ये वाचलेले पैसे एका इंजेक्टरच्या कामात जातात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या, डिझेलला तर धुराचा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि सलग पळावी लागते. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीचा तो तुंबतो. चार लाखांत साधी पेट्रोल गाडी शोधा, जिचे पार्ट कणकवली-कुडाळला कुठल्याही दुकानात मिळतात आणि जी गावातला मेकॅनिक डोळे मिटून खोलतो. घाटावरची, रोज चाललेली, ६० हजार झालेली आणि वेळच्या वेळी सर्व्हिस केलेली गाडी मला तुमच्या शेजारच्या ३८ हजारवालीपेक्षा जास्त पसंत पडेल.

गोव्याची गाडी स्वस्त दिसते, सिंधुदुर्गात तो मोह फार होतो. दिल्लीच्या गाड्याही येतात. परराज्यातली गाडी इथे कायमची ठेवायची तर तिथली एनओसी आणावी लागते, इथे रोड टॅक्स भरून नवा नंबर घ्यावा लागतो. तो खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी उडून जाते. महाराष्ट्रातलीच दुसऱ्या जिल्ह्याची असेल तर नंबर तोच राहतो.

कागदपत्रांत ओळखीची भीड धरू नका. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे बघा. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो, ते काम विकणाऱ्याने पैसे घेण्याआधी करावं. थकलेली ई-चलनंही त्यानेच भरावीत. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी तुमच्या नावावर झाली असं नाही. तुमच्या बाजूने अर्ज ३० दिवसांत आरटीओकडे गेला पाहिजे. तोपर्यंत अपघात झाला तर तो चाकरमानी मुंबईत बसून कोर्टाच्या तारखा भोगेल, कारण कायद्याने मालक म्हणजे आरसीवर नाव असलेला माणूस. हे त्यालाही समजावून सांगा, म्हणजे तोही सह्या लांबवणार नाही.

आणि विमा. हे माझ्या कामातलं म्हणून कळकळीने सांगतो. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा तुमच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाच्या नावावर पॉलिसी राहिली तर समोरच्याला भरपाई मिळते, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो. झाड पडून चेपलेल्या गाडीशेजारी उभं राहून नव्या मालकाला हे सांगणं मला आजही जड जातं. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्यासोबत जातो, त्यामुळे तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल, तो आधीच हिशेबात धरा.

मेकॅनिक मात्र वाडीतला नेऊ नका. त्याला दोन्ही घरांशी संबंध ठेवायचे असतात, तो मोकळेपणाने बोलणार नाही. कुडाळहून किंवा कणकवलीहून कोणी न्या, त्याची मजुरी द्या. रॅम्पवर गाडी निर्धोक निघाली, सर्व्हिसची यादी जुळली आणि तरीही तुम्हाला डिझेलच हवी असेल, तर टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, फिल्टर आणि ब्रेकचं काम धरून ३ लाख ४० हजारापासून बोलणी सुरू करा आणि पावणेचारच्या वर जाऊ नका. मालक एवढ्याला तयार नसला तर राहू द्या. गणपती झाले की मुंबईला परतताना असे बरेच जण गावची गाडी काढायचं मनावर घेतात, तेव्हा तुम्हाला पेट्रोलची चांगली गाडी बघायला मिळेल.