आजी घोटही गिळत नाही, मुखी गंगाजल कसं द्यावं?
चमच्याने ओतू नका. गिळणं थांबलं की पाणी श्वासनलिकेत जातं, ठसका लागून जीव घाबरा होतो. डोकं थोडं उंच, मान एका बाजूला करा. कापसाचा बोळा गंगाजलात बुडवून नीट पिळा आणि ओठ, जीभ, गाल आतून पुसा. तुळशीपत्र ओठांवरच ठेवा, तोंडात नको. दर तासा-दोन तासांनी असंच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओठ लगेच फाटतात, साजूक तुपाचं बोट फिरवा. घशात घरघर झाली तर कुशीवर वळवा. भुईवर उतरवायची घाई नको, फार दुखतं. उतरवायचंच तर चौघांनी चादरीसकट, खाली जाड गादी. ऐकू शेवटपर्यंत येत असावं, म्हणून उशाशी वावराच्या वाटणीची गोष्ट काढूच नका. हात धरा, हळू आवाजात गजानन महाराजांचं नाव घ्या, 'लेकरं जेवली, काळजी करू नको' म्हणा.