आकडा लिहिण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तू एका मुलाच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन पाठवलेला रिपोर्ट वाचला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत बुद्ध्यांक ८४, आणि मुलगा घरी कोणती भाषा बोलतो हे शेवटच्या पानावर, अर्ध्या ओळीत. हा क्रम उलटा कर.

कुठलीही टेस्ट कुणासाठी तरी बनवलेली असते. बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी वि. वि. कामतांनी १९३०च्या दशकात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तयार केली. मॅलिन यांनी १९६९ साली नागपुरात वेक्स्लरची बुद्धिमत्ता चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. या दोन्ही चाचण्यांच्या पेट्या अजून कित्येक क्लिनिकच्या कपाटांत आहेत. एवढे जुने नॉर्म्स, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून बुद्ध्यांक काढतात ते त्या काळच्या मुलांचे गुण, आजच्या मुलाचा आकडा फुगवतात, आणि परकी भाषा तोच आकडा खाली ओढते. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या बाबतीत होऊ शकतात, तेव्हा नुसत्या ८४चा अर्थ काय लावायचा?

मुलगा घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी वापरत असेल, तर वाचन दोन्ही भाषांत घे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही वाचनातली अडचण तपासणारी चाचणी त्यासाठीच आहे, मराठीतही आहे. तो फक्त इंग्रजीत अडखळत असेल, तर आधी शिकवणं कसं झालंय ते बघ. दोन्हींत अडखळत असेल, तर डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन शिकण्यातल्या मूळच्या अडचणीचा, संशय बळावतो. मराठीत चुका कशा होतात ते कान देऊन ऐक. ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘सूर्य’ वाचताना रफार गळून ‘सूय’ उरतं, पण ‘प्रकाश’ ओळखीचा असल्यामुळे अंदाजाने बरोबर येतो. म्हणून अर्थ नसलेले शब्द वाचायला दे, तिथे अंदाज चालत नाही. किती चुका झाल्या याच्याइतकंच वेळ किती लागला हेही लिही. मराठीत अशी पुष्कळ मुलं बरोबर वाचतात, पण मुंगीच्या पावलांनी. आणि हे सगळं डोळे-कान तपासून झाल्यावरच.

दहावीच्या तोंडावर अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी धावत येणारे पालक तुला भेटतीलच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आहे, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक हा मुलाचा हक्क आहे, संकोच नको. पण दाखला म्हणजे उपचार नव्हे, हे त्यांना तोंडावर सांग. हेच मूल तिसरीत आलं असतं तर बरंच काही करता आलं असतं.

आता आजी-आजोबांकडे. मोका या स्मरण आणि विचारशक्ती तपासणाऱ्या चाचणीत ३० गुण, २६च्या खाली शंका, आणि शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवायचा. चौथीत शाळा सुटलेल्या बाईची उणीव एका गुणाने कशी भरून निघणार? जिने पेन्सिल क्वचितच धरली तिला घड्याळ काढायला सांगितलं, तर हात थरथरतो तो सवय नाही म्हणून. तारीख विचारली तर ती गप्प बसते, आणि लगेच “आज एकादशी, माझा उपास आहे” म्हणते. तिला दिवसाचं भान आहे, फक्त ते तुझ्या कॅलेंडरात नाही. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार करावी लागली, ती याच कारणाने.

सुनेला किंवा मुलाला बाहेर घेऊन विचार: गेल्या वर्षी करत होत्या आणि आता जमत नाही असं काय? हिशोब, गोळ्या, पुरणाचा अंदाज, नेहमीच्या रस्त्याने घरी परतणं. घरचे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात. तू होऊ नकोस. थायरॉइड, बी-१२, ऐकू कमी येणं, नवऱ्याच्या जाण्यानंतरचं नैराश्य, हे सगळं डिमेन्शियासारखं (स्मृतिभ्रंशासारखं) दिसू शकतं आणि यातलं बरंच सुधारतं. डॉक्टरांकडे पाठवल्याशिवाय तो शब्द रिपोर्टात लिहायचा नाही.

पुन्हा तपासणी करशील तेव्हा मोकाचा दुसरा नमुना वापर, नाहीतर पाठ झालेल्या शब्दांनाच गुण मिळतील.

८४चा रिपोर्ट सुधारून पाठव. या वेळी आईवडिलांसाठी एक पान मराठीत.