पहिल्या उन्हाळ्याआधी एवढं वाच

क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या (बर्फावर लांब पल्ला स्कीवर कापण्याच्या) कॉलेजच्या शर्यती जानेवारी ते मार्च, पण सरावाचा नवीन हंगाम मे महिन्यात सुरू होतो, हे आधी मनात पक्कं कर. ओरेगॉनमधल्या बेंडजवळच्या माउंट बॅचलरवर मेमध्येही बर्फ असतो. जमलं तर तिथे जाऊन ये.

नंतर रोलरस्की, म्हणजे रस्त्यावर सराव करण्यासाठीच्या चाकांच्या स्की. साध्या रोलरस्कीला ब्रेक नसतो. म्हणून पहिले काही आठवडे सपाट, कमी रहदारीचा रस्ता निवड. हेल्मेट आणि भडक रंगाचं जाकीट हवंच. पोलची (हातातल्या काठ्यांची) कार्बाइडची टोकं डांबरावर झिजतात, त्यांना डायमंड फाइलने (हिऱ्याचे कण लावलेल्या कानशीने) नियमित धार लाव. बोथट टोक घसरतं आणि भार खांद्यावर येतो.

सरावाचे बहुतेक तास सावकाश घाल, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतके सावकाश. नव्या मुलांना हे सगळ्यात जड जातं, प्रत्येक चढावर ती शर्यत लावतात आणि ऑगस्टपर्यंत थकून जातात. खरा जोर आठवड्यातून दोनदाच: चढावर पोल घेऊन उड्या मारत धावणं किंवा इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग थोडी विश्रांती, असं पुन्हा पुन्हा). ताकदीचा व्यायाम वेगळा.

उन्हाळ्यातली नोकरी सकाळी उशिरा सुरू होणारी बघ. पायवाटा दुरुस्तीचं काम छान, पण दिवसभर दगड उचलल्यावर संध्याकाळचा सराव हलकाच ठेव, आणि ते तासही डायरीत लिही. पैसे साठले तर अलास्कातल्या गर्डवुडजवळच्या ईगल ग्लेशियर या हिमनदीवरच्या स्की शिबिराची चौकशी कर. तिथे हेलिकॉप्टरने जावं लागतं, आणि जुलैतही खऱ्या बर्फावर स्की करता येतं. प्रशिक्षकांना मात्र आत्ताच विचार.