वय झालेल्या कुत्रीला घर शोधताना

प्रश्न : ताई, गेल्या काही महिन्यांपासून एका संस्थेची कुत्री माझ्याकडे तात्पुरती सांभाळायला आहे. नाव शेवंती. वय नऊ ते अकराच्या मध्ये कुठेतरी. तिचे पालक वारले आणि घरातलं दुसरं कुणी तिला ठेवून घ्यायला तयार झालं नाही. इतकी गरीब आहे, की आमच्या मांजराने तिच्या ताटलीत तोंड घातलं तरी बाजूला सरकून उभी राहते. भुंकत नाही, पट्टा ओढत नाही. हाक मारली तर कधी येते, कधी लक्षच देत नाही. फोटो पाहून लोक हळहळतात, पण वय कळलं की विषय संपतो. वय थोडं कमी सांग, असं एका मैत्रिणीने सुचवलं. सध्या दोनच घरं उत्सुक आहेत. एकात सहा आणि तीन वर्षांची मुलं आहेत. दुसऱ्या घरी सत्तरीतले निवृत्त गृहस्थ एकटे राहतात. कुठे द्यावं? आणि मनातलं सांगायचं तर, इथे रुळलेल्या जिवाला मी पुन्हा घराबाहेर काढतेय ही टोचणी जात नाही.
— नाव न छापण्याची विनंती

उत्तर : वय कमी सांगू नका. खोटं पकडलं जाईल हे त्याचं मोठं कारण नाही. पिल्लाचं वय दातांवरून बऱ्यापैकी नेमकं कळतं, पण एकदा कायमचे दात येऊन झिजायला लागले की डॉक्टरसुद्धा अंदाजच बांधतात. खरं कारण असं, की सात वर्षांची म्हणून नेलेल्या कुत्रीकडून घरातले सात वर्षांच्या कुत्रीची अपेक्षा करतात. ती जिन्यात थांबली तर तिला आळशी म्हणतात, आणि दुखणं कुणाच्या लक्षात येत नाही. ‘अंदाजे ९ ते ११’ असंच लिहा आणि सोबत वजनही लिहा. मोठ्या चणीची कुत्री सहा-सात वर्षांतच म्हातारपणाकडे झुकतात, छोट्या चणीची दहाव्या-अकराव्या वर्षीही चपळ असू शकतात. त्यामुळे नुसत्या वयाच्या आकड्यावरून वाचणाऱ्याला फारसं काही कळत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मात्र मी अडखळले. मांजराने ताटलीत तोंड घातलं तरी शेवंती सरकून उभी राहते, हे वाक्य. तिचा स्वभाव खरोखरच तसा असेल. पण दाढ दुखणारं कुत्रंही असंच करतं. पुढे येतं, थबकतं, दुसऱ्याला खाऊ देतं. कुत्र्याचं दुखणं बहुधा कण्हण्यातून कळत नाही. ते गप्प राहतं, आणि आपण त्याला गुणी म्हणतो. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत मी हे इतक्यांदा पाहिलंय, की ‘काही म्हणजे काही त्रास देत नाही’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी आधी तपासणी झाली का ते विचारते.

म्हणून जाहिरातीच्या आधी डॉक्टर. दात आणि हिरड्या उघडून नीट बघायला सांगा. रक्त आणि लघवी तपासून घ्या, म्हणजे मूत्रपिंड, यकृत, साखर यांचा अंदाज येईल. छातीला नळी लावून हृदयाचे ठोके ऐकायला सांगा. सांध्यांसाठी घरी तिच्या चालण्याचा व्हिडिओ काढून न्या, कारण लंगडणारी कुत्रीही दवाखान्यात ताणामुळे सरळ चालतात. उठताना मागचे पाय घसरतात का, बसायच्या आधी दोन-तीन गिरक्या घेते का, एकच सांधा सारखा चाटते का, हे बघून ठेवा. संधिवात निघाला तर घाबरू नका. वजन आटोक्यात ठेवलं, फरशीवर न घसरणारी जाजमं टाकली आणि औषध नियमित दिलं, की पुष्कळ फरक पडतो. औषध मात्र डॉक्टरांनी दिलेलंच. माणसांची दुखण्यावरची गोळी, आयबुप्रोफेन असो की पॅरासिटामॉल, आपल्या मनाने कधीही देऊ नका. कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

डोळ्यांत निळसर झाक दिसत असेल तर तेही विचारून घ्या. वयामुळे भिंग घट्ट होऊन अशी झाक येते. तिने नजर फारशी जात नाही. लोक मात्र तिलाच मोतीबिंदू समजतात आणि मागे फिरतात. कानांचीही तपासणी करा. हाकेला कधी येते, कधी येत नाही, याचा अर्थ बहुधा तिला कमी ऐकू येतं. ती झोपेत असताना, तिला स्पर्श न करता मागे टाळी वाजवून बघा. ऐकू कमी येत असेल तर आत्तापासून हाताच्या खुणा शिकवायला घ्या. या वयातही कुत्री त्या शिकतात. नव्या घराला ती खूण समजणारी कुत्री मिळेल.

हे सगळं कळल्यावर जाहिरात लिहा, आणि त्यात विशेषणं कमीत कमी ठेवा. ‘प्रेमळ, शांत, गुणी’ हे प्रत्येक कुत्र्याबद्दल लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. तिचा एक साधा दिवस लिहा. माझ्याकडे होता त्या एका पांढऱ्या थोबाडाच्या काळ्या कुत्र्याची जाहिरात मी अशी लिहिली होती :

‘भैरू. वजन २२ किलो. अंदाजे दहा वर्षांचा. सकाळी उशिरा उठतो. वीस मिनिटं सावकाश फिरतो, प्रत्येक खांब हुंगतो, घाई केलेली त्याला चालत नाही. मग दुपारपर्यंत झोपतो, पण तुम्ही ज्या खोलीत असाल त्याच खोलीत. जिना चढतो, उतरताना मदत लागते. सांध्यांसाठी रोज एक गोळी. एकटा चार तास राहतो, त्याहून जास्त नाही. फटाक्यांना फार भितो. इतर कुत्री चालतात, अंगावर उड्या मारणारी पिल्लं नकोत.’

फोन थोडे आले. पण जे आले त्यातल्या कुणीही ‘चावतो का’ असं विचारलं नाही. एका बाईंनी विचारलं, ‘मी दिवसभर घरी शिवणकाम करते, मशीनच्या आवाजाला भिईल का?’ जाहिरातीने नेमकं हेच काम करायला हवं. वाचणाऱ्याने आपला दिवस तिच्या दिवसाशेजारी ठेवून पाहिला पाहिजे. दया येऊन नेणाऱ्यांपेक्षा असे लोक टिकतात. ‘कुणीच घेत नाही हो बिचारीला’ असं लिहाल तर फोन जास्त येतील, परत येणारी कुत्रीही जास्त असतील.

फोटो तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसून, दिवसाच्या उजेडात काढा. सोबत ती उठते, चालते असा छोटा व्हिडिओ जोडा. लंगडत असेल तर ते दिसू द्या.

आता दोन घरांबद्दल. माझं मत स्पष्ट आहे : मुलांच्या घरी देऊ नका. मुलं वाईट म्हणून नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला शिकवता येतं, तीन वर्षांच्याला नाही. कमी ऐकू येणारं, कदाचित कुठेतरी दुखणारं कुत्रं गाढ झोपलेलं असताना तीन वर्षांचं मूल अंगावर पडलं, तर सगळ्यात गरीब कुत्रंही दचकून तोंड टाकू शकतं. एकदा तसं झालं की तिला तिसरं घर मिळणं फार कठीण. शिवाय सोसणं म्हणजे आवडणं नव्हे. जिभेने सारखे ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, मान फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, ही सगळी ‘मला नको’ म्हणायची रीत आहे. भेटीच्या वेळी तुमची नजर पाहुण्यांवर नाही, शेवंतीवर असू द्या.

सत्तरीतल्या गृहस्थांकडे मी मोकळ्या मनाने बघेन. दिवसभर घरात माणूस, ठरलेल्या वेळा, सावकाश फिरणं, हे सगळं तिच्याशी जुळतं. पण तिचं एक घर पालक गेल्यामुळेच सुटलंय. म्हणून त्यांना संकोच न करता विचारा : तुम्ही आजारी पडलात तर हिला कोण बघेल? उत्तरात ‘बघू’ चालणार नाही. एका माणसाचं नाव हवं, आणि त्या माणसाशी तुमचं स्वतःचं बोलणं झालेलं हवं. समंजस माणूस या प्रश्नाने दुखावत नाही, उलट त्याने त्याचा विचार आधीच केलेला असतो. घरी जाऊन या. जिने किती, दाराबाहेर लगेच रस्ता आहे का, ती घसरली तर तिला उचलू शकेल असं कुणी जवळपास आहे का, ते पाहा. हे जमत नसेल तर थांबा आणि तिसऱ्या घराची वाट बघा.

शेवटचा निर्णय संस्थेचा असतो, पण तुमचं म्हणणं त्यांना लेखी कळवा. तिला सगळ्यात जास्त तुम्ही ओळखता. करारात ‘काही कारणाने ठेवता आलं नाही तर कुत्री संस्थेकडेच परत येईल’ हे वाक्य असलंच पाहिजे. सुरुवातीचे काही आठवडे चाचणीचे ठेवले तर दोन्ही बाजूंना मोकळं बोलता येतं. मायक्रोचिप (ओळख पटवण्यासाठी कातडीखाली बसवलेली बारीक चिप) असेल तर नव्या पालकांच्या नावावर नोंद बदलून घ्यायची राहून जाते, तेवढं लक्षात ठेवा.

टोचणीबद्दल. ती जाईल असं मी म्हणणार नाही. ती आहे म्हणूनच तुम्ही इतकी चौकशी करताय. शेवंती सुरुवातीला तुम्हाला शोधेल. कदाचित एक-दोन दिवस नीट खाणार नाही, दाराकडे बघेल. हे काम करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : पहिले ३ दिवस बावरलेपणाचे, ३ आठवड्यांत घराच्या वेळा कळतात, ३ महिन्यांत घर आपलं वाटतं. म्हाताऱ्या कुत्र्याला याहून जास्त वेळ लागला तरी चालतं. तुमच्या हातात आहे ते करा. तिचं अंथरूण न धुता सोबत द्या, त्याचा वास तिला हवा असतो. तिचं नेहमीचं खाणं आठ-दहा दिवस पुरेल एवढं द्या, म्हणजे बदल हळूहळू होईल. तिच्या वेळा, खुणा, तुम्ही वापरता ते शब्द एका कागदावर लिहून द्या. आणि नव्या पालकांना बजावा, की पहिले काही आठवडे दार उघडताना आणि अंगणातही तिच्या अंगावर घट्ट बसणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि हातात धरायचा पट्टा हवाच. नव्या घरातून कुत्री हरवतात ती बहुतेक याच दिवसांत, आणि गरीब कुत्रीही घाबरली की पळते.

तिला स्वतःकडेच ठेवावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते जाणवतं. ठेवायची मनापासून इच्छा असेल, पुढच्या उपचारांची तयारी असेल, तर त्यात काहीच वावगं नाही. फक्त टोचणी टाळायला म्हणून ठेवू नका. तुमच्या घरातला तो कोपरा पुढच्या एखाद्या म्हाताऱ्या जिवाचाही आहे.

प्रश्न : आम्हा दोघांना वयस्क कुत्रं दत्तक घ्यावंसं वाटतं. पण सगळं आयुष्य दुसऱ्यांबरोबर काढलेल्या कुत्र्याला आमचा लळा लागेल का?

उत्तर : लागतो. २००१ साली हंगेरीतल्या संशोधकांनी निवाऱ्यात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच माणसाने कुत्र्याबरोबर दहा-दहा मिनिटं, फक्त तीनदा, वेळ घालवला. तेवढ्यावरही ती कुत्री त्या माणसाला अनोळखी माणसापेक्षा वेगळं वागवू लागली, त्याच्याशी जोडली गेल्याच्या खुणा दिसल्या. तुम्ही तर रोज त्याच्याजवळ असणार आहात.

लळा वेगवेगळ्या तऱ्हेने दिसतो, एवढंच. पिल्लू अंगावर झेपावतं. म्हातारं कुत्रं काही आठवड्यांनी तुमच्याकडे पाठ करून झोपायला लागतं, आणि पाठ करणं हा त्याचा मोठा विश्वास असतो. सहवास कदाचित दोन वर्षांचा असेल, कदाचित पाच. हे माहीत असूनच घ्या, आणि उपचारांसाठी पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला ठेवा. नेण्याआधी सगळे वैद्यकीय कागद मागा. कुणी द्यायला कांकूं करत असेल तर स्वतः डॉक्टरांना दाखवून मगच ‘हो’ म्हणा.

प्रश्न : बारा वर्षांची कुत्री आणून पंधरवडा झाला. तिचं अंथरूण सकाळी ओलं असतं. रागावलं तर सुधारेल का? रात्रीचं पाणी बंद करू का?

उत्तर : दोन्ही करू नका. अंथरुणातच ओलं होतंय, म्हणजे झोपेत थेंब-थेंब गळत असणार, तिला ते कळतही नाही. नसबंदी झालेल्या वयस्क कुत्र्यांमध्ये हे बरंच आढळतं आणि त्यावर औषध आहे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार यांतही असं होतं, आणि त्यात पाणी तोडणं धोक्याचं. ती दिवसाला किती पाणी पिते ते दोन दिवस मोजून लिहा, सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत घ्या आणि दोन्ही घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. तोपर्यंत अंथरुणाखाली जलरोधक कापड घाला, आणि झोपायच्या आधी तिला एकदा बाहेर नेऊन आणा.