एक्सेलमधले अकरा विद्यार्थी

"मॅडम, माझा रिझल्टच आला नाही. चार वर्षं पाण्यात गेली. आता प्रबंधात लिहू काय?"

पीएच.डी. करणारे लोक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ते थोड्याफार फरकाने हेच वाक्य घेऊन. कुणी फार्मसीचं असतं, कुणी शेतकी महाविद्यालयातलं, कुणी शिक्षणशास्त्राचं. घरच्यांना वाटतं, कुठल्याशा परीक्षेचा निकाल लागायचा राहिलाय. प्रत्यक्षात प्रयोग संपलेला असतो, आकडे हातात असतात, फक्त ते मनासारखे नसतात. हा प्रश्न इतक्यांदा येतो की एका बाईंची हकिकत इथे सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना वैशालीताई म्हणू. वय 38, नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. पीएच.डी.चा विषय 'अध्ययनशैलीनुसार अध्यापन'. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. तर ज्याला जसं जमतं तसं शिकवलं की विज्ञानातले गुण वाढतात का, हा प्रश्न. आठवीच्या दोन तुकड्या घेतल्या. अ मध्ये 42 मुलं, ब मध्ये 44. जानेवारी ते मार्च, 12 आठवडे अ तुकडीत शैलीप्रमाणे गट पाडून शिकवलं, ब तुकडीला नेहमीसारखं. शेवटी दोघांना 40 गुणांची एकच चाचणी. अ ची सरासरी 24.6, ब ची 24.2. टी-मूल्य, म्हणजे दोन सरासरींमधला फरक योगायोगाच्या मानाने किती मोठा आहे ते सांगणारा आकडा, 0.31. 'सार्थक फरक', म्हणजे नुसत्या योगायोगाने सहसा येणार नाही असा, म्हणायला साधारण 1.99 लागतं.

हे सगळे आकडे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत, कागद न बघता, पाढे म्हणावेत तसे सांगितले. मग रडल्या.

झोप रात्री तीनला मोडते. डबा तसाच परत येतो. सासूबाई देवळातून आल्या की कौतुकानेच विचारतात, "झालीस का गं डॉक्टर?" आणि ताई मोरीत जाऊन नळ सोडून उभ्या राहतात. सकाळी उठूच नये असं वाटतं का, हे मी सरळ विचारलं. हा प्रश्न विचारायला नवे समुपदेशक कचरतात, विचारावाच. कधीकधी वाटतं म्हणाल्या, पण जिवाचं काही करून घ्यावं असा विचार नव्हता. तरीही मानसोपचारतज्ज्ञांकडे एकदा पाठवलं, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक डायरीत लिहून दिला. रात्री तीनला मी फोन उचलेनच असं नाही.

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांत नैराश्य आणि चिंता इतरांच्या सहापट असते, हे वाक्य तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. ते 2018 च्या एका सर्वेक्षणातून आलं आहे. 26 देशांतल्या 2279 जणांनी उत्तरं दिली होती. मीही व्याख्यानात तो आकडा दाखवायचे. आता जपून दाखवते. अशी प्रश्नावली माणूस आपणहून भरतो, आणि ज्याला त्रास आहे तो ती आधी भरतो. त्रास खरा आहे. सहापट आहे की तिप्पट, ते त्या आकड्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

पहिल्या भेटीत मी जास्त बोललेच नाही. अध्ययनशैलीच्या संशोधनाबद्दल मला थोडंफार माहीत होतं, सांगता आलं असतं. पण रडणाऱ्या माणसाला माहिती दिली की ते मान हलवतं, घरी जातं आणि पुन्हा रडतं. शिवाय एक गोष्ट जुळत नव्हती. निकाल त्यांना जूनमध्ये कळला होता. झोप उडाली ती गणपतीत. मधले दोन-अडीच महिने बाई शाळा, स्वयंपाक, सगळं ठीक करत होत्या.

दुसऱ्या भेटीत तेवढंच विचारलं. "गणपतीत काय झालं?"

बराच वेळ त्या पर्सचा पट्टा गुंडाळत बसल्या. मग सांगितलं. ऑगस्टअखेर गाईड सरांना आकडे दाखवले होते. सर म्हणाले, "आधीच्या बहुतेक प्रबंधांत सार्थक फरक आलाय. तुमचाच कसा आला नाही? डेटा एकदा नीट बघा." विसर्जनाच्या रात्री घर झोपल्यावर ताईंनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि अ तुकडीतल्या अकरा मुलांचे गुण वाढवले. कुणाचे सात, कुणाचे दहा. टी-मूल्य 2.08 झालं. फाइलला नाव दिलं 'फायनल नवीन'. कुणाला पाठवली नाही, प्रबंधात घातली नाही. नुसती ठेवली.

"तीच मुलं आता नववीत आहेत, मॅडम. मीच शिकवते. हजेरी घेताना त्या अकरा नावांपाशी माझा आवाज अडकतो. एकाला मी 14 दिले होते. एक्सेलमध्ये त्याचे 24 आहेत. तो रोज पहिल्या बाकावर बसतो."

मी त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. हे या खोलीबाहेर जाणार नाही. आणि ती फाइल खरी ठरवायला माझी मदत मिळणार नाही. दुसरं वाक्य ऐकून त्या दुखावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सुस्कारा सोडला.

घरी लिहायला एक काम दिलं: मनात येणारी वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवायची. तिसऱ्या भेटीत वही उघडली. 'सार्थक यायलाच हवं होतं.' 'सगळे हसणारच.' 'मी संशोधनाच्या लायकीचीच नाही.' अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाच्या 'मस्ट'वर बोट ठेवतात. आपल्याकडे ते काम एका अक्षराचं आहे. मी पेन्सिलीने प्रत्येक 'च' ला गोल केला आणि तो गाळून वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. 'सार्थक यायला हवं होतं.' हो, आवडलं असतं. 'सगळे हसणार.' सगळे म्हणजे कोण? मोजून चार नावं निघाली. त्यातल्या दोघांना टी-मूल्य म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

'लायकीचीच नाही' मात्र इतक्या सहज सुटलं नाही, कारण त्याच्या मागे ती फाइल उभी होती. तिथे नुसता 'च' खोडून भागणार नव्हतं.

मग मी चक्क व्याख्यान दिलं. समुपदेशकाने देऊ नये, पण या बाई शिक्षिका आहेत. त्यांना पुरावा लागतो.

आधी त्यांच्याच विषयाचं. 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी अध्ययनशैलीवरचं संशोधन तपासलं. मुलाची शैली ओळखून त्याप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकणं होतं, याला पुरेसा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दावा तपासायचा तर दोन वेगवेगळ्या शैलींच्या मुलांना दोन्ही पद्धतींनी शिकवून बघावं लागतं, आणि तशा रीतीने झालेले अभ्यास त्यांना फार थोडे सापडले. आपल्याकडे बी.एड.ला अध्ययनशैली आजही भक्तिभावाने शिकवतात. ताईंच्या संदर्भ-आढाव्यात हा लेख नव्हता. आढावा आधीच्या प्रबंधांच्या आढाव्यांवरून तयार झाला होता. म्हणजे ज्या आकड्यांची त्यांना लाज वाटत होती, ते या विषयातल्या एका नावाजलेल्या लेखाशी जुळत होते.

त्या ताठ बसल्या. "मग माझं बरोबर आलं?"

इथे मला आवर घालावा लागला. 0.31 आलं म्हणून परिणाम नाहीच, असंही सिद्ध होत नाही. 86 मुलांच्या आकड्यांवरून खरा फरक उणे दोन ते अधिक तीन गुणांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. शिवाय त्यांच्या प्रयोगाची आखणी पॅशलर मागतात तशी नव्हती. हे सगळं प्रबंधात लिहायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मग आधीच्या बहुतेक प्रबंधांत सार्थक फरक कसा? हा त्यांचा प्रश्न रास्त होता. 1979 मध्ये रॉबर्ट रोझेंथाल यांनी या दुखण्याला दराजाची उपमा दिली: मनासारखं आलं की छापलं जातं, नाही आलं की कागद दराजात जातो. नंतर काही नियतकालिकांनी वेगळी वाट काढली. निकाल येण्याआधीच, नुसता प्रश्न आणि पद्धत तपासून लेख स्वीकारायचा, मग निकाल काहीही येवो. मानसशास्त्रातल्या अशा लेखांची नेहमीच्या लेखांशी तुलना 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या लेखांत पहिलं गृहीतक खरं ठरल्याचं प्रमाण 96 टक्के होतं. निकालाआधी स्वीकारलेल्यांत 44 टक्के. वैशालीताईंनी तो 44 चा आकडा वहीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या.

दराजातला कागद वैद्यकात जीवघेणा ठरू शकतो. 1980 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लॉरकेनाइड हे हृदयाचे अनियमित ठोके आवरणारं औषध हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या शंभराच्या आतच रुग्णांवर तपासलं. औषध घेणाऱ्या गटात 9 जण दगावले, दुसऱ्यात 1. योगायोग असेल असं वाटलं, आणि औषध पुढे आणायचंही रद्द झालं. अभ्यास छापला गेला नाही. तशाच प्रकारची औषधं पुढे सर्रास दिली गेली. 1989 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत अशा दोन औषधांनी मृत्यू वाढतात हे उघड झालं. ब्रिटनचा तो कागद 1993 मध्ये बाहेर आला. आधी छापला असता तर लवकर धोक्याची सूचना मिळाली असती, हे त्या संशोधकांनी स्वतःच कबूल केलं. म्हणून तर आता औषधांच्या चाचण्यांची आधीच नोंद करावी लागते. भारतात 2009 पासून ती सक्तीची आहे.

"आणि नवीन फाइलवाले लोक?" त्यांनीच विषय काढला. मी नेदरलँड्सच्या डिडरिक स्टापेल यांचं सांगितलं. नामांकित सामाजिक मानसशास्त्रज्ञ; 2011 मध्ये बनावट डेटा उघड झाला आणि 58 लेख मागे घ्यावे लागले. सुरुवात एखाददुसरा आकडा बदलण्यापासून झाली, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. आपल्याकडे साहित्यचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर दहा टक्क्यांच्या आत आलं की लोक निःश्वास टाकतात. ते सॉफ्टवेअर चोरलेली वाक्यं पकडतं, 14 चे 24 केलेले त्याला कळत नाहीत.

ताई म्हणाल्या, "घरी जाऊन आत्ता डिलीट करते." मी थांबवलं. घाबरून पुसलेल्या गोष्टी रात्री तीनला परत येतात. "उत्तरपत्रिका आहेत का?" होत्या, माळ्यावर, पोत्यात. मग ठरलं की 86 च्या 86 पत्रिका खाली काढायच्या, गुण नव्याने भरायचे, आणि हे एकटीने करायचं नाही.

नवरा गुण वाचायचा, त्या टाइप करायच्या. दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री त्यांनी त्याला विसर्जनाच्या रात्रीचं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि पुढचा पेपर उचलला. (या माणसाला मी कधी भेटले नाही. भेटायला आवडेल.) दोन ठिकाणी प्रामाणिक चुका सापडल्या, टी-मूल्य 0.28 झालं.

गाईड सरांशी काय बोलायचं याची आम्ही दोनदा तालीम केली. मी सर झाले; जरा जास्तच खडूस झाले बहुधा. ठरलेलं वाक्य साधं होतं: "सर, पुन्हा तपासलं, मूळ पत्रिकांवरून. फरक नाही. असंच मांडायचं आहे, कसं मांडू ते सांगा." प्रत्यक्षात सर गप्प बसले, मग चष्मा काढून म्हणाले, "मी नीट बघा म्हटलं होतं, ते चूक शोधा या अर्थाने." खरंच तसं होतं का, मला ठाऊक नाही. ताईंनी त्यांना त्या फाइलबद्दल सांगितलं नाही, आणि मी आग्रह धरला नाही. ती कुठेही वापरली गेलेली नव्हती. इथे माझ्या काही सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे.

पेपर कोण छापणार, ही शेवटची काळजी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आहे. पण विद्यापीठं आपली अट ठेवू शकतात, म्हणून आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचायला सांगितलं. मुदतही त्यांना वाटत होती तेवढी तोंडावर आली नव्हती. प्रवेशापासून सहा वर्षं, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन, स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत.

पत्रिका भरताना ती 14 गुणांची पत्रिका त्यांच्या हातात आली होती. शेवटच्या दोन घटकांचे सगळे प्रश्न कोरे. हजेरीपत्रक काढलं, तर बारापैकी पाच आठवडे मुलगा गैरहजर; द्राक्षाची तोड चालू होती, आई-वडिलांबरोबर बागेत. अशी मुलं दोन्ही तुकड्यांत होती. ताईंनी हजेरी रोज नोंदवली होती आणि तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. सरांना हे आवडलं. शेवटच्या प्रकरणात पुढच्या संशोधनाचा प्रश्न म्हणून घ्या म्हणाले. आधीपासूनचं गृहीतक होतं असं मात्र लिहू नका, हेही त्यांनीच बजावलं.

प्रबंध अजून सादर व्हायचा आहे. झोप बरीचशी परतली आहे, सासूबाईंचा प्रश्न चालू आहे. गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला तो वेळ रद्द करायला.

"शनिवारी नाही जमणार, मॅडम. चार पोरांना थांबवून घेतलंय शाळेत. त्यांचा ध्वनीचा घटक राहिलाय ना."